ओकावांगोच्या भरतीत मोरेमीची वाट

दाभोळच्या खाडीकाठी वाढलेला माणूस खाजणात पाय घालण्यापूर्वी एक प्रश्न हमखास विचारतो, तो म्हणजे आता भरती आहे की सुकती. बोत्स्वानाच्या उत्तर भागातील मोरेमी अभयारण्यातून पुराच्या दिवसांत स्वतः गाडी चालवत जायचे असेल, तर हाच प्रश्न तेथेही विचारावा लागतो. फरक इतकाच की तेथे भरती वर्षातून एकदाच येते, ती चढायला काही महिने घेते, आणि जिच्यामुळे ती येते ती ओकावांगो नदी समुद्राला कधीच मिळत नाही.

हे पाणी अंगोलाच्या डोंगराळ पठारावर साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात पडलेल्या पावसाचे असते. कुबांगो आणि क्विटो या नद्यांमधून ते खाली उतरते, मोहेंबो येथे बोत्स्वानात शिरते आणि पुढे कालाहारीच्या वाळूत पंख्यासारखे पसरते. मोहेंबोला ते साधारण एप्रिलच्या सुमारास सर्वांत जास्त असते, पण त्रिभुज प्रदेशाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माउन गावी त्याचा जोर जुलै-ऑगस्टमध्ये दिसतो. आपल्याकडे सह्याद्रीवर रात्री कोसळलेला पाऊस सकाळी वाशिष्ठीच्या काठच्या घरांत शिरतो, आणि तेथे अडीचशे किलोमीटर जायला पाण्याला तीन-चार महिने लागतात, कारण एवढ्या अंतरात जमीन जेमतेम साठ मीटर उतरते आणि वाटेत पपायरसच्या लव्हाळ्यांचे रान पाण्याला अडवून धरते. त्यातले नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी उन्हाने आणि झाडापानांवाटे हवेतच विरून जाते. पूर भरात असताना सुमारे १५,००० चौरस किलोमीटरपर्यंतचा मुलूख ओला होतो. त्या वेळी बोत्स्वानात मात्र पावसाचा थेंब नसतो, आकाश निरभ्र असते आणि रात्री कडाक्याची थंडी पडते.

म्हणून पहिली गोष्ट ही लक्षात घ्यावी की मोरेमीत वाट अडवणारी पाणी दोन प्रकारची असतात, आणि त्यांच्याशी वागण्याची रीतही वेगवेगळी आहे. जुलैचे पाणी अंगोलाहून आलेले, नितळ आणि संथ असते; त्याच्या तळाशी बहुतेक ठिकाणी पांढरी वाळू असते आणि ओली वाळू चाकाला चांगला आधार देते. जानेवारीचे पाणी स्थानिक पावसाचे असते. ते खोल नसते, पण मोपाने झाडांच्या पट्ट्यातील चिकणमाती आणि मोरेमीतून उत्तरेला सावुती या प्राण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या भागाकडे जाताना लागणारी माबाबे खोलगटाची काळी जमीन त्या पावसाने अशी होते की गाडी चालण्याऐवजी नुसती घसरत राहते. घाटावर पावसाळ्यात काळ्या रानातून चालताना चपलेला किलोभर माती चिकटल्याचा अनुभव ज्याने घेतला आहे, त्याला अधिक सांगायला नको. माझे स्पष्ट मत असे आहे की पहिल्यांदा जाणाऱ्याने जुलैच्या गुडघाभर पाण्याची धास्ती घेऊ नये. जानेवारीच्या वीतभर चिखलाची मात्र अवश्य घ्यावी.

कधी जावे, हे ठरवताना कोकणातील पंचांग आणि तेथील पंचांग जुळवून पाहावे लागते. भातलावणी आटोपल्यावर, म्हणजे जुलैच्या उत्तरार्धात निघाले, तर पाणी भरात असते आणि गणपतीच्या आधी घरी परतता येते. गणपती विसर्जन करून सप्टेंबरात निघाल्यास पाणी ओसरू लागलेले असते, बंद पडलेल्या वाटा हळूहळू उघडतात आणि प्राणी उरलेल्या पाण्याभोवती गोळा होतात. गाडी चालवण्याचा सराव नसलेल्यांसाठी हाच काळ बरा. मात्र कोणत्याही दोन वर्षांचे पाणी सारखे नसते. २०१०च्या सुमारास पूर इतका मोठा होता की १९८०च्या दशकाच्या आरंभी कोरडा पडलेला सावुतीचा प्रवाह पुन्हा वाहू लागला, आणि २०१९मध्ये पाणी इतके कमी आले की एरवी वाहणारी पात्रेही कोरडी राहिली. त्यामुळे गेल्या वर्षी कोणीतरी अमुक वाटेने गेले होते, या माहितीला फारशी किंमत देऊ नये. एप्रिल-मेमध्ये मोहेंबोच्या पाण्याची पातळी कशी आहे हे पाहिले, तर जुलैत मोरेमीत काय असेल याचा अंदाज दोन महिने आधी बांधता येतो. ही सोय आपल्या नद्यांनी आपल्याला कधीच दिलेली नाही.

मोरेमीची हद्द सुमारे पाच हजार चौरस किलोमीटरची आहे. तेथील बाटावाना जमातीच्या लोकांनी १९६३मध्ये आपल्याच जमिनीवर हे अभयारण्य राखून ठेवले, आणि २०१४मध्ये संपूर्ण ओकावांगो त्रिभुज प्रदेश जागतिक वारसा यादीत गेला. मुंबईहून बहुतेक जण जोहान्सबर्गला उतरून तेथून माउनचे विमान घेतात. माउनपासून दक्षिण फाटक सुमारे शंभर किलोमीटर आहे. वाटेतल्या शोरोबे गावापर्यंत डांबरी रस्ता आणि पुढे माती व वाळू. दक्षिण फाटकापासून, ‘तिसरा पूल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लाकडी पुलाजवळचा मुक्कामाचा तळ आणखी पन्नासेक किलोमीटर आहे. कोरड्या दिवसांत ज्या वाटेला दोन तास लागतात, तिलाच पुराच्या दिवसांत वळसे घेत अर्धा दिवस लागू शकतो, असा हिशेब आधीच धरावा. तळावरची जागा आगाऊ आरक्षित केल्याशिवाय अभयारण्यात मुक्काम करता येत नाही. आत वेगमर्यादा ताशी ४० किलोमीटर आहे, रात्री गाडी चालवण्यास मनाई आहे, आणि वाट सोडून गाडी रानात घालता येत नाही. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची असल्यामुळे एक डोकेदुखी कमी होते. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मात्र निघण्यापूर्वी आपल्या आरटीओ कार्यालयातून काढून घ्यावा.

गाडी चारही चाकांना जोर देणारी, उंच आणि डिझेलवर चालणारी असावी, आणि तिला स्नॉर्केल, म्हणजे इंजिनाला लागणारी हवा छपराच्या उंचीवरून ओढणारी नळी असावी. भाड्याने गाडी घेताना करारातील बारीक अक्षरे वाचावीत, कारण बहुतेक करारांत पाण्याने झालेले नुकसान विम्यात धरलेले नसते आणि इंजिनात पाणी गेल्यास सगळा खर्च आपल्या माथी येतो. सोबतच्या सामानात फावडे, ओढदोर, उंच उचलणारा जॅक आणि तो चिखलात रुतू नये म्हणून त्याच्याखाली ठेवायची जाड फळी, चाकाखाली घालायच्या पट्ट्या, हवा भरण्याचा पंप आणि हवा मोजण्याचे मीटर एवढे असलेच पाहिजे. हे सामान यादीत असून भागत नाही, ते चालू स्थितीत असावे लागते. आमच्या भाड्याच्या गाडीत पंप होता, पण बॅटरीला लावायची त्याची एक क्लिप तुटलेली होती, आणि हे आमच्या लक्षात आले ते वाळूसाठी चारही चाकांतील हवा कमी करून झाल्यावर. शेवटी मेहुण्याने केस बांधायचा चाप लावून तो चालवला. गाडी ताब्यात घेताना तेथेच, मालकाच्या समोर, पंप लावून एका चाकात हवा भरून पाहावी.

मोरेमीच्या आत कोठेही पेट्रोल पंप नाही. वाळू आणि पाण्यात गाडी सतत खालच्या गिअरमध्ये चालते, त्यामुळे नेहमीच्या हिशेबाच्या जवळजवळ दुप्पट डिझेल धरून माउनलाच टाकी आणि कॅन भरून घ्यावेत. मोबाइलला रेंज नसते, म्हणून सॅटेलाइट फोन भाड्याने घ्यावा. आणि शक्य असेल तर दोन गाड्यांनी जावे, कारण रुतलेल्या गाडीला दुसऱ्या गाडीसारखे औषध नाही.

पाणी कसे वाचावे

आपल्याकडे पावसाळ्यात पाण्याचा तांबडा रंगच सावध करतो. ओकावांगोचे पाणी लव्हाळ्यांतून आणि वाळूतून गाळून आलेले असते, त्याचा तळ स्वच्छ दिसतो आणि नेमके तेथेच फसायला होते, कारण नितळ पाणी आहे त्यापेक्षा उथळ भासते. डोळ्यांना जे गुडघाभर दिसते ते मांडीभर आहे असे समजून चालावे. सकाळी आणि संध्याकाळी ऊन तिरपे असताना पाण्यावर नुसती चकाकी दिसते. सूर्य वर आल्यावर तळ दिसू लागतो. म्हणून पहाटेचा वेळ मुक्कामाच्या जागेच्या आसपास प्राणी पाहण्यात घालवावा आणि मोठी पाणवाट ओलांडायची असेल तर ती नऊ ते दोनच्या दरम्यान ओलांडावी. या वेळेचा दुसरा फायदा असा की काही बिघडलेच तर दिवस मावळण्यापूर्वी दुसरी एखादी गाडी तेथे येण्याचा संभव असतो.

पाण्याशी पोहोचल्यावर लगेच आत शिरू नये. इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबावे. तेवढ्या वेळात तापलेली चाके आणि डिफरन्शियल, म्हणजे चाकांना जोर पोहोचवणारी दातेरी चक्रांची पेटी, निवतात. ती गरम असताना गार पाण्यात गेली तर आतली हवा आकसून सीलमधून पाणी ओढून घेते. त्याच दहा मिनिटांत पाण्याकडे पाहावे. वाट पाण्याखाली गेली तरी चाकांच्या दोन रेषा गवताविना स्वच्छ दिसतात, आणि मधल्या उंचवट्यावरचे गवत वर डोकावत असेल तर खोली बेताची आहे असे समजावे. जेथे कमळे पसरली आहेत तेथे तळाशी वाळूऐवजी गाळ असण्याची शक्यता अधिक, कारण कमळाला मूळ धरायला चिखल लागतो. आपल्या देवळांच्या तळ्यांत उतरलेल्या कोणालाही हे ठाऊक असते. मूळ वाटेला सोडून बाजूने पडलेली चाकोरी दिसली, तर आधीच्या कोणीतरी मूळ वाट खोल म्हणून टाळली आहे असा तिचा अर्थ होतो. पलीकडच्या काठावर गाड्यांच्या ओल्या खुणा वर चढलेल्या आहेत का, हेही पाहावे. आत गेलेल्या खुणा आहेत आणि बाहेर आलेल्या नाहीत, तर पाठ फिरवावी.

आपल्याकडे साकवावरून पाणी जात असेल तर एकाने पुढे उतरून काठीने खोली पाहण्याची पद्धत आहे. मोरेमीत ती विसरावी. तेथे नेमून दिलेल्या जागांखेरीज गाडीतून उतरण्याची परवानगी नाही, आणि तो नियम नसता तरी उतरू नये, कारण ज्या पाणवाटेतून आपल्याला गाडी न्यायची आहे त्याच वाटेने पाणघोडे ये-जा करतात आणि मगर नितळ पाण्यातही दिसत नाही. खोली माहीत करून घेण्याचा खरा मार्ग म्हणजे विचारणे. फाटकावरचे कर्मचारी, तळावर आदल्या संध्याकाळी आलेले लोक, समोरून येणाऱ्या सफारी गाडीचा चालक, या सगळ्यांना थांबवून आजची वाट कशी आहे ते विचारावे. समोरून येणाऱ्या गाडीचा दरवाजा कोठपर्यंत ओला आहे, हे न विचारताच कळते.

माझे माप असे आहे: पाणी चाकाच्या मध्यापर्यंत असेल तर निश्चिंतपणे जावे, बंपरपर्यंत असेल तर पूर्ण तयारीनिशी जावे, बोनेटला लागण्याइतके असेल तर स्नॉर्केल असले तरी परत फिरावे, कारण तेवढ्या पाण्यात गाडी तरंगू लागते आणि मग चाके वळवून काही होत नाही.

पाण्यातून गाडी नेताना

पूर्ण तयारी म्हणजे काय, ते सांगतो. वातानुकूलन बंद करावे, काचा खाली घ्याव्यात, पाण्यात असेपर्यंत सीटबेल्ट सोडावेत, आणि कॅमेरे, पासपोर्ट व औषधांची पिशवी मांडीवर घ्यावी. पुढच्या जाळीवर ताडपत्रीचा तुकडा घट्ट बांधला तर इंजिनाच्या पंख्यावर पाण्याचा मारा होत नाही. फोर लो, म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा टप्पा, लावून दुसरा गिअर घालावा आणि तो पलीकडचा काठ चढेपर्यंत बदलू नये. पाण्यात हळू शिरावे. मग माणूस भरभर चालतो त्याहून किंचित जास्त वेग धरला की बोनेटपुढे एक लाट उठते आणि तिच्या मागे इंजिनाभोवतीचे पाणी थोडे खाली जाते. होडीच्या नाळेसमोर उठते तशीच ही लाट असते. तिच्या मागोमाग राहायचे असते. तिला गाठायचेही नाही आणि तिला पुढे निघूनही जाऊ द्यायचे नाही. मध्येच ॲक्सिलरेटर सोडला तर लाट उलटून बोनेटवर येते. क्लच दाबू नये. स्टिअरिंग घट्ट न धरता चाकोरीलाच गाडी नेऊ द्यावी.

पलीकडे चढल्यावर थोडे पुढे जाऊन ब्रेक हलकेच दोन-चार वेळा दाबून सुकवावेत. आमच्या गाडीच्या नंबर प्लेटला तिसऱ्या पुलाच्या अलीकडे कमळाचे एक पूर्ण पान चिकटून आले होते आणि दिवसभर ते तसेच वाळत राहिले.

गाडी पाण्यातच बंद पडली तर काय करावे, हे चिपळूणकरांना शिकवण्याची गरज नाही. २२ जुलै २०२१च्या पुरानंतर तेथील प्रत्येक गॅरेजवाल्याच्या तोंडी एकच वाक्य होते: किल्ली फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर ते दाबले जात नाही. स्टार्टर मारला की पिस्टनचा दांडा वाकतो आणि दुरुस्त होण्यासारखे इंजिन भंगारात जाते. मोरेमीत बंद पडल्यास किल्ली काढून ठेवावी, सामान सीटवर घ्यावे आणि गाडीतच बसून मदतीची वाट पाहावी. दुसरी गाडी आली की तिला आपण आलो त्याच बाजूला मागे ओढायला सांगावे, कारण त्या बाजूचा तळ आपल्या माहितीचा असतो. बाहेर आल्यावर इंजिन ऑइलची पट्टी काढून पाहावी. तेल दुधी चहासारखे दिसले तर पुढचा प्रवास दोराला बांधूनच होणार.

मोरेमीतील ‘पूल’ म्हणजे आपले साकव. मोपानेच्या ओंडक्यांचे हे पूल फाटकापासून मोजत पहिला, दुसरा, तिसरा, चौथा असेच ओळखले जातात. ओंडके एकमेकांना फारसे बांधलेले नसतात, त्यामुळे गाडी वर चढली की खडखडाट होतो आणि पूल आता मोडणार असे वाटते. त्या आवाजाला घाबरू नये. काळजी घ्यावी ती पुलाच्या दोन्ही तोंडांशी, कारण पुरात पुलापेक्षा त्याच्याकडे जाणारी वाट खोल झालेली असते आणि पहिल्या ओंडक्याशी उभी पायरी तयार होते. तेथे वेगाने आदळले तर पुढचे चाक फाटते.

प्राण्यांविषयी एवढेच पाळावे की पाणघोडा आणि पाणी यांच्या मध्ये कधीही येऊ नये. तो संध्याकाळी चरायला बाहेर पडतो आणि पहाटे परततो. त्या दोन्ही वेळी काठावर रेंगाळणे वेडेपणाचे आहे. हत्ती पाणवाटेत उभा असेल तर तो निघेपर्यंत थांबावे, त्याला किती वेळ लागेल याची चिंता करू नये. लाल लेच्वे नावाची हरणे गुडघाभर पाण्यातून उड्या मारत पळताना दिसतात आणि सिंह येथे पोहत बेटे ओलांडतात. ही बेटे पुष्कळदा वाळवीच्या वारुळातून सुरू झालेली आहेत. पुरात एवढीच जागा कोरडी राहते, तिच्यावर झाड रुजते आणि बेट वाढत जाते.

मोकोरो, म्हणजे एकाच बुंध्यातून कोरलेली डोण, हल्ली बहुतेक ठिकाणी फायबरची असते. नावाडी मागे उभा राहून लांब काठीने ती ढकलतो. आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला ती काठी हातात घेण्याचा मोह होतोच; तो आवरावा आणि डोणीच्या तळाशी पाय पसरून शांत बसावे. पाणघोडे कोठे बसतात हे त्या नावाड्याला ठाऊक असते, आपल्याला नसते. साचलेल्या पाण्यात अंघोळ टाळावी, कारण त्यात गोगलगायींमधून पसरणारा बिल्हार्झिया हा आजार असतो. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वीच सुरू कराव्यात.

तळांना कुंपण नसते. तंबू गाडीच्या छतावरचा घ्यावा आणि अंधार पडल्यावर खाली उतरू नये. चपला बाहेर ठेवल्या तर तरस नेते. तिसऱ्या पुलाच्या तळावरच्या बबून माकडांपुढे आपल्या बागेतले वानर साधे वाटतात. त्यांना गाडीचा दरवाजा उघडता येतो असे गृहीत धरूनच कुलूप लावावे. संत्री-मोसंबी नेऊ नयेत, त्यांच्या वासाने हत्ती तळावर येतात. सोडे आणि सुकट घरीच ठेवावीत. त्या वासाला कोण कोण येईल याची गणतीच करता येणार नाही. पोहे, मेतकूट, कुळथाचे पीठ आणि आगळाची बाटली पुरते. जुलैच्या पहाटे मात्र स्वेटर आणि कानटोपीवाचून भागत नाही. कोकणातून निघताना हे कोणालाच खरे वाटत नाही आणि पहिल्या रात्री सगळेच टॉवेल पांघरतात.

परतताना गुराढोरांच्या लाळ्या-खुरकुताच्या नियंत्रणासाठी घातलेल्या कुंपणाच्या नाक्यावर गाडी थांबवतात. उत्तरेकडून दक्षिणेकडे कच्चे मांस नेता येत नाही, ते काढून घेतले जाते; चाके औषधी द्रावणातून न्यावी लागतात आणि बूट ओल्या पोत्यावर पुसावे लागतात. गाडी परत देण्याआधी रेडिएटरच्या जाळीतले आणि इंजिनाखाली, सायलेन्सरपाशी अडकलेले वाळके गवत हाताने काढावे, कारण पाण्यातून बाहेर पडल्यावर कोरड्या वाटेवर तेच पेट घेते. केनिया किंवा इथिओपियामार्गे परतणार असाल तर पिवळ्या तापाच्या लशीचे प्रमाणपत्र मुंबई विमानतळावर मागितले जाऊ शकते. ते लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होते, म्हणून लस निघण्याच्या आदल्या आठवड्यात न घेता महिनाभर आधीच घेऊन ठेवावी.